टाचणी न लावता मोजलेले पाच साप

सापाच्या पोटावरचे खवले मोजायला टाचणी लागते. साधीच, शिवणकामातली, डोक्यावर रंगीत मणी असलेली. दर दहाव्या खवल्याच्या कडेखाली एक टाचणी सरकवायची आणि पुढचा खवला पुन्हा एक म्हणून धरायचा. टोचायची मुळीच नाही. पोटावरचे खवले कौलांसारखे एकावर एक कड चढवून बसलेले असतात, त्या कडेखाली टाचणी आपसूक शिरते. शेवटी टाचण्या मोजायच्या, वरचे सुटे खवले मिळवायचे आणि आकडा लिहायचा. साप मेलेला असतो, स्पिरिटमध्ये कित्येक वर्षं राहून रबरासारखा झालेला असतो. त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. चुकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

हे काम मी लेस्टरमधल्या एका जुन्या संग्रहालयाच्या तळघरात पाच-सहा वर्षं केलं. संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांना मी विचारलेलं नाही, आणि विचारायला जाण्याचा माझा स्वभाव नाही. आमच्या मंडळाच्या कपाटातून मी दर वर्षी दिवाळी अंक घरी आणते. त्यात कुणी निवृत्त स्टेशनमास्तर, कुणी नर्स, कुणी कोर्टातला कारकून आपल्या नोकरीतल्या चार गोष्टी सांगतात. त्या वाचताना वाटायचं की सांगण्यासारखं आपल्याकडेही आहे. पण मी चौथीपर्यंत शिकलेली. गावातली शाळा चौथीला संपायची आणि पुढची नदीपलीकडे होती. वाचायची सवय तेवढी लागली, ती सुटली नाही. अंकाला पाठवायचं धाडस होणार नाही, म्हणून वहीत लिहून ठेवते. मात्र कुणी अनोळखी माणूस वाचतो आहे असं मनात धरून लिहिते, म्हणजे समजावून सांगायचा आळस होत नाही.

आमचं गाव बत्तीस शिराळ्याच्या बाजूचं. इंग्लंडला मी आले ती एका मराठी डॉक्टरांच्या घरी, त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईची देखभाल करायला. मागाहून माझे यजमान आले आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागले. आजी गेल्या, डॉक्टर मंडळी मिल्टन कीन्सला राहायला गेली, आम्ही लेस्टरलाच राहिलो. यजमान वारले तेव्हा मुलं आपापल्या संसारात होती. घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून मी सफाईचं काम धरलं. दोन हजार साल यायच्या जरा आधीची ही गोष्ट. एजन्सीने मला संग्रहालयात पाठवलं आणि तळघर माझ्या वाट्याला आलं, कारण बाकीच्या बायका तिथे जायला तयार नव्हत्या.

तळघरात छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांवर काचेच्या बाटल्या. लोणच्याच्या बरणीएवढ्या, काही हातभर उंच. आत बेडूक, पाली, सरडे आणि साप. सापच जास्त. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मलाया, सयाम, बोर्निओ अशा मुलखांत गेलेल्या गोऱ्या डॉक्टरांनी आणि मळेवाल्यांनी पकडून धाडलेले. स्पिरिटमध्ये रंग उतरतो. हिरवा साप निळा पडतो, मग राखी होतो. पिवळा पांढरा होतो. म्हणून जुना साप ओळखताना रंगावर कुणी विसंबत नाही. खवले मात्र बदलत नाहीत. पोटावरचे खवले पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेवढे, तेवढेच मरेपर्यंत. साप लांब होतो, खवला मोठा होतो, आकडा तोच. मला ही गोष्ट फार आवडली होती.

तळघर ज्यांच्या ताब्यात होतं ते ब्रायन. साठीला आलेले, उंच, कार्डिगनची बटणं कायम चुकीच्या काजात. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की मला ब्रायन म्हण. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं मला जमेना आणि साहेब म्हटलेलं त्यांना आवडेना. शेवटी मी त्यांना काहीच न म्हणता इतकी वर्षं काढली. काम असलं की जाऊन समोर उभी राहायची. ते वर बघून म्हणायचे, "येस, मी डक?" लेस्टरला जुनी माणसं सगळ्यांनाच असं, माझं बदक, म्हणतात.

हातातली मॉप सुटून टाचणी कशी आली ते सांगते. एक इंग्रज बाई जॅमची रिकामी केलेली बरणी घेऊन आल्या होत्या. गार्डन सेंटरमधून आणलेल्या पामच्या कुंडीत, मातीत, काळसर गांडुळासारखं काहीतरी वळवळत होतं, ते त्यांनी बरणीत भरलं होतं. वरच्या काउंटरवरच्या मुलीने गांडूळ असं लिहून बरणी खाली पाठवली होती आणि ब्रायन जेवायला गेले होते. बरणी टेबलावर, मी फरशी पुसते आहे. बघितलं तर वाळा. आमच्याकडे न्हाणीघराच्या मोरीत, तुळशीच्या कुंडीत निघायचा. त्याला लोक आंधळा साप म्हणतात. बिनविषारी, दोऱ्याएवढा, पण साप. गांडुळाच्या अंगावर कडी असतात आणि ते बुळबुळीत असतं. वाळा कोरडा आणि चकचकीत असतो, आणि नीट बघितलं तर बारीक जीभ बाहेर काढतो.

ब्रायन आले तरी मला बोलवेना. मी मॉप धरून तिथेच उभी. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी बरणी खिडकीकडे उजेडात धरली आणि जीभ बाहेर येईपर्यंत बोट काचेला लावून ठेवलं. जीभ आली. ब्रायननी भिंग घेतलं, पुष्कळ वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. हा साप आग्नेय आशियातून कुंड्यांच्या मातीतून जगभर फिरतो, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी मला बाटल्यांत कमी झालेलं स्पिरिट भरायला शिकवलं, मग सुटलेली लेबलं दोऱ्याने पुन्हा बांधायला. एजन्सीचा कागद बदलून संग्रहालयाचा झाला. घरी फोटोसमोर उदबत्ती लावताना मी यजमानांना हे मोठ्याने सांगितलं.

लोक काय काय घेऊन येत. एकदा एक निवृत्त बसचालक व्हिएतनामच्या सुट्टीवरून दारूची बाटली घेऊन आले. आत फणा काढलेला नाग. हा खरा नाग आहे ना, एवढंच त्यांना हवं होतं, कारण मेव्हण्याशी पैज लागली होती. ब्रायननी बाटली माझ्यापुढे सरकवली. नागाच्या पाठीवरचे खवले गुळगुळीत असतात. याच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध बारीक कणा होता, तांदळाच्या दाण्यावर असतो तसा. म्हणजे पाण्यातला गरीब दिवड जातीतला साप, मानेची कातडी ताणून फणा केलेला. मी मान हलवली. ब्रायननी समजावलं. त्या गृहस्थांचा चेहरा पडला. मग त्यांनी विचारलं की निदान पिता तरी येईल का. ब्रायन म्हणाले, येईल, पण मेव्हण्याला आधी द्या.

आता अनुजा. ती बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली, आईवडील दोघेही हॉस्पिटलात. सापांवर पीएचडी करत होती आणि आमच्या तळघरातले साप तिला हवे होते. कवड्या साप आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, घरात पाली खायला येतो आणि मण्यार समजून मारला जातो. त्याचे भाऊबंद मलाया-सयामकडे पुष्कळ आहेत, आणि कोणत्या बेटावरचा कोणत्या जातीचा यावर जाणत्यांत एकमत नव्हतं. अनुजाला ते सोडवायचं होतं. त्यासाठी तीनशेच्या वर साप मोजायचे होते. पोटाचे खवले, शेपटीचे खवले, अंगाच्या मध्यावर किती रांगा, पांढरे पट्टे किती. ब्रायननी तिला माझ्याकडे पाठवलं.

तिने मला आल्या आल्या काकू म्हटलं. तिचं मराठी घरात ऐकून आलेलं होतं, नर आणि मादी तिला सापात कळायचे, शब्दांत नाही. परीक्षा म्हणून तिने दहा साप दिले. दोघींनी वेगवेगळे मोजले. नऊ जुळले. दहाव्यात तीन खवल्यांचा फरक आला, तो आम्ही पुन्हा मोजला, तेव्हा तिची टाचणी निसटलेली निघाली. तेव्हापासून पोटाचे खवले माझे. ती अधूनमधून एखादा साप स्वतः मोजून बघायची. पुढेपुढे तेही कमी झालं.

बाहेरच्यांना वाटेल, मोजणं म्हणजे काय अवघड. अवघड आहे ते सुरुवात कुठून धरायची हे. हनुवटीखालचे खवले लहान असतात, हळूहळू रुंद होत जातात. ज्याच्या दोन्ही कडा दोन्ही बाजूंच्या पहिल्या रांगेला टेकतात तो एक. शेवटी, मलद्वारावरचा जो असतो तो धरायचा नाही. आणि मधे कुणी बोलायला आलं तर उत्तर द्यायचं नाही. हे शेवटचं मला सोपं गेलं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात अनुजाचं शेवटचं वर्ष चालू होतं. नागपंचमी आली. आमच्याकडे या दिवशी काही चिरत नाहीत, कापत नाहीत, जमीन खणत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत, सुई हातात धरत नाहीत. पुरणाची दिंडं उकडतात. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढूनही मी हे पाळत आले. आजवर तो दिवस रविवारी यायचा, नाहीतर बाटल्या पुसण्याचं काम असायचं. त्या वर्षी कामाच्या दिवशी आला आणि टेबलावर अनुजाने ठेवलेली बाटली होती. एका छोट्या बेटावरचे पाच कवड्या, एकाच बाटलीत. त्या बेटावरचे एवढेच होते.

सुट्टी मागता आली असती. कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मागितली नाही. टाचणीची पेटी उघडली आणि हात पुढे जाईना. टोचायचं नाही, सरकवायचं आहे, हे सगळं मला ठाऊक होतं. साप शंभर वर्षांपूर्वी मेला हेही ठाऊक होतं. तरी त्या दिवशी सापाला टाचणी लावणं मला जमलं नाही. मी पेटी बंद केली आणि आमच्या आईसारखं बोटांच्या पेरांवर मोजलं. चार बोटांची बारा पेरं, अंगठा फिरवायचा. बारा झाले की एक रबरबँड बाजूला ठेवायचा. डाव्या हातात साप, त्याच हाताच्या अंगठ्याचं नख खवल्यावर. पाचही साप दुपारपर्यंत झाले. आकडे रजिस्टरमध्ये लिहिले आणि घरी जाऊन दिंडं खाल्ली. मला वाटलं, काम झालं आणि सणही पाळला गेला.

तीन आठवड्यांनी अनुजा तळघरात आली ती जिना दोन-दोन पायऱ्या उतरत. तिने माझ्यापुढे कागद धरला. बाकी सगळीकडचे कवड्या दोनशे चार ते दोनशे बारा. आणि त्या बेटावरचे पाच, एकशे एकोणनव्वद ते एकशे शहाण्णव. मध्ये मोकळी जागा. एकही साप मधल्या आकड्यात नाही. पट्टेही तिला थोडे वेगळे वाटत होते. तिच्या प्रोफेसरांनाही पटलं होतं. जगात कुणी नाव न दिलेली जात. तिची तीन वर्षं संपत आली होती, पुढे नोकरी मिळायची तर असं काहीतरी हातात लागायलाच हवं होतं, आणि ते लागलं होतं.

मग म्हणाली, नाव ठरलंय. तुमचं. लॅटिनमध्ये शांताए होतं, चांगलं दिसतं. मी नको म्हटलं. ती हसली आणि म्हणाली की साप नको म्हणत नाही, मग तुम्ही कशाला म्हणता.

नको म्हटलं ते तोंडाने. घरी जाऊन मी शिराळ्याला भावाला फोन लावला आणि सांगितलं. मी आपणहून कुणाला कधी काही सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याला आधी वाटलं कुणीतरी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी ती बाटली खाली काढली. आपल्या नावाचा साप एकदा नीट बघावा म्हणून. ताटलीत घेतला, भिंगाखाली धरला, पोट वर केलं. टाचणी जिथे जाते तिथे खवल्याची कड थोडी उचललेली राहते, बारीक खूण दिसते. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक सापावर दर दहाव्या खवल्याला ती असते. याच्यावर एकही नव्हती. तेव्हा आठवलं, तो दिवस कोणता होता.

मी टाचण्या घेतल्या आणि त्या एकाचं पोट मोजलं. रजिस्टरमध्ये एकशे ब्याण्णव होते. आले दोनशे आठ. पुन्हा मोजलं, दोनशे आठ. बाकीचे चार मी मोजले नाहीत. गरजही नव्हती आणि हिंमतही नव्हती. साप बाटलीत ठेवला आणि झाकण लावलं.

चार दिवस मी गप्प राहिले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. कुणाला कळणार नव्हतं. रजिस्टरमध्ये माझा आकडा, माझा आकडा कुणी तपासत नाही. अनुजा पलीकडच्या टेबलावर बसून तो लेख लिहीत होती आणि मधून मधून मला सांगायची, आज एवढं झालं. तिचा आनंद मोडायचा, आणि तोही आपल्या चुकीने. नोकरी जाईल ही भीती होतीच. आणि ते नाव. नावाचं मला काही नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. भावाने गावातल्या शाळेत मास्तरांना सांगितलं होतं आणि मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं.

पण त्या चार दिवसांत मी दुसरे साप मोजत होते आणि कुठलाच आकडा खरा वाटत नव्हता. एकेक साप तीन-तीनदा मोजला. शेवटी तोंडाने बोलणं जमणार नाही म्हणून मी चिठ्ठी लिहिली. चांगल्या अक्षरात, वहीचं पान भरून. नागपंचमीचं सगळं लिहिलं, पेरांवर मोजल्याचं लिहिलं, दोनशे आठ लिहिलं, माफी मागितली. तिच्या टेबलावर ठेवली आणि मांडणीमागे जाऊन बाटल्या पुसत राहिले.

थोड्या वेळाने ती चिठ्ठी घेऊन मांडणीच्या टोकाला आली.

"काकू, हा चिठ्ठी तुमचा आहे ना? मला देवनागरी खूप स्लो वाचता येतो. आईला स्कॅन करून पाठवू? चकलीचा रेसिपी आहे का?"

तिला वाचता येत नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या आईकडे ते पान गेलं असतं. मी हात पुढे केला, चिठ्ठी घेतली आणि उभ्या उभ्या वाचून दाखवली. स्वतः लिहिलेलं, पण प्रत्येक ओळीला अडखळले. वर बघितलं नाही. वाचून झाल्यावर घडी घातली.

ती म्हणाली, "पाचही?"

मी म्हटलं, "एक मोजला. पण पाचही त्याच दिवशीचे."

ती बाटली घेऊन टेबलाशी बसली. मी टाचण्या दिल्या. एकेक साप तिने मोजला, मग मी, मग पुन्हा तिने. दोनशे आठ. दोनशे चार. दोनशे सहा. दोनशे बारा. पाचवा दोनशे दहा. संध्याकाळ झाली होती. बेटावरचे साप बाकी सगळ्यांसारखेच होते. नवी जात नव्हती.

तरीही ती उठली नाही. म्हणाली, मला तुम्ही त्या दिवशी कसं मोजलं ते दाखवा. मला लाज वाटली, पण दाखवलं. डाव्या हातात साप, नख खवल्यावर, उजव्या अंगठ्याने पेरं. बारा झाले, मी रबरबँड उचलायला हात नेला. ती माझ्या नखाकडे बघत होती. म्हणाली, थांबा. मी थांबले. मग मलाही दिसलं. बारावा मोजून माझं नख सवयीने पुढच्या खवल्यावर सरकलेलं असायचं. रबरबँड ठेवून परत आले की नखाखालचा खवला मोजून झाला असं मी धरायचे आणि त्याच्या पुढच्यापासून सुरू करायचे. दर बाराला एक खवला गळत होता. प्रत्येक सापात, न चुकता. म्हणून पाचही आकडे एकसारखे कमी आले आणि म्हणून ते इतके खरे दिसले. विस्कळीत चूक असती तर तिला संशय आला असता.

अनुजा हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसली. म्हणाली, "माझा पण चूक आहे. एवढा मोठा फरक, आणि मी एक पण साप उघडला नाही. मला तो आकडा हवा होता ना."

दुसऱ्या दिवशी तिने प्रोफेसरांना सांगितलं आणि लेख तिथेच थांबवला. मी ब्रायनच्या समोर जाऊन उभी राहिले. अनुजाने त्यांना आधीच सांगितलं होतं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर तेही सोपं गेलं असतं. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. त्यांच्या तळघरात खोडरबर आणि व्हाइटनर चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, त्यापुढे कारण, त्यापुढे सही. जुन्या पानांवर अशा रेघा पुष्कळ होत्या, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांच्यासुद्धा. माझी एकही नव्हती, आणि त्याचा मला मनातून ताठा होता. मी पाच रेघा मारल्या.

कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. अनुजा म्हणाली, विदाउट पिन एवढं लिहू. ब्रायननी विचारलं, पण का? अनुजाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खरं ते लिहा. तिने त्यांना नागपंचमी काय असते ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं की हा दिवस दर वर्षी येतो का. मग स्वतःच्या अक्षरात पाचही ओळींपुढे लिहिलं: सण होता, टाचणी न लावता मोजले. सही मी मराठीत केली. मला तीच येते.

अनुजाचा थीसिस पार पडला. त्या बेटावरचा कवड्या त्याच जातीचा, आजवर वाटत होतं त्यापेक्षा दूर पसरलेला, असं त्यात एक पान आहे. खरं सांगायचं तर साप ओळखणं म्हणजे पुष्कळदा हेच असतं, हा वेगळा नाही असं सांगणं. पण वेगळा नाही असं सांगणाऱ्याला कुणी नोकरी देत नाही. तिला हवी होती तशी जागा मिळाली नाही, आता ती लंडनमध्ये एका शाळेत बायॉलॉजी शिकवते. बरी आहे म्हणते. त्यात माझा वाटा किती हे मला आजही ठरवता येत नाही. मोजता येण्यासारखी ती गोष्ट नाही. भावाला मी दुसरा फोन केला. त्याने मास्तरांना सांगितलं का ते विचारलं नाही.

त्या आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं. रजिस्टरवर सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती टाचणीची पेटी ब्रायनना परत द्यायची असं ठरवूनच. बाटल्या पुसायचं काम होतंच. पेटी पिशवीत घालून जिन्याशी पोहोचले तर अनुजा मांडणीवरून एक मोठी बाटली दोन्ही हातांनी उतरवत होती. आत सात-आठ कवड्या होते, दुसऱ्या कुठल्या बेटावरचे. तिने ती आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि दिवा माझ्या बाजूला वळवला.

मी विचारलं, "मी मोजू?"

"मग कोण?" ती म्हणाली. "तुमचा चूक मला आता माहीत आहे, काकू. दुसऱ्या माणसाचा मला कसा कळणार?"

ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली आणि माझ्याकडे पाठ करून कामाला लागली. मी पिशवीतून पेटी काढली, बाटलीचं झाकण फिरवलं आणि वरचा साप ताटलीत घेतला. मादी होती. दोनशे सात.